तुळशीवृंदावनावरची लक्ष्मीची टाइल नेमकी कुठली? माहीतगारांनी मदत करा

ओटीवरची:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आता कामच पडलं म्हणून धागा काढतेय. आमचं मूळ घर राजापूर तालुक्यात खाडीच्या अंगाला. अंगणात जांभ्याचं जुनं तुळशीवृंदावन आहे, चौथऱ्यासकट माझ्या खांद्याला लागेल एवढं. समोर दिव्याचा कोनाडा आणि त्याच्या वर मधोमध एक सहा इंची चौकोनी टाइल, तिच्यावर उठावाची लक्ष्मी. कमळावर उभी, चार हात, लाल लुगडं, बाजूला सोंडेत माळ धरलेला हत्ती. भोवतीने निळ्या-पिवळ्या काठाची पट्टी. मागच्या बाजूला वेगळ्याच फुलांच्या टाइल्स आहेत, ओळीने चार, पाचव्या जागी नुसतं सिमेंट थापलेलं.

आता रस्ता रुंद होतोय, अंगणाचा तुकडा जाणार, त्यामुळे वृंदावन आत सरकवायचंय. गवंडी म्हणतो टाइल निघताना फुटणार, तुम्ही नवीन आणून ठेवा, राजापुरात मस्त मिळतात देवांच्या. ते काही मनाला पटेना. घरात तीन मतं आहेत. आत्या म्हणते पणजोबांनी विलायतेहून मागवली. बाबा म्हणतात बेल्जियमची. आणि गोव्यात पणजीला राहणारे काका पाहुणे आले की छातीठोक सांगतात पोर्तुगीज आहे म्हणून. पणजोबा मुंबईला गोदीत कारकून होते एवढंच नक्की माहितीये, ते स्वतः कधी समुद्र ओलांडून गेलेले नाहीत. फोटो टाकलेत, जरा बघून सांगा.

कढीपत्ता:
फोटो मस्त. धाग्यात फोटो असल्याबद्दल आधी अभिनंदन, इथे लोक "आमच्याकडे एक जुनी वस्तू आहे, ओळखा" म्हणून सोडून देतात. बाकी मला यातलं शष्प कळत नाही, खुर्ची टाकून बसतोय.

खडूस_तात्या:
जुनी काच दिसली की बेल्जियमची, जुनं कुलूप दिसलं की जर्मन आणि जुनी तलवार दिसली की पेशव्यांची, हे आपलं ठरलेलं आहे. कोणी कधी पुरावा बघितलाय? गुजरातमधल्या मोरबीची असेल, तिकडे ट्रकच्या ट्रक भरून देवांच्या टाइल्स निघतात. जिन्याच्या कोपऱ्यात लोकांनी थुंकू नये म्हणून लावतात त्याच.

ओटीवरची:
तात्या, आत्या ऐंशीच्या पुढची आहे, तिच्या लहानपणापासून ही टाइल तिथेच आहे. मोरबी नक्की नाही. आणि त्या जिन्यातल्यांवर चित्र सपाट छापलेलं असतं, ह्याच्यावर हात फिरवला की लक्ष्मीचा मुकुट बोटाला लागतो.

मांडवीतीर:
पोर्तुगीज म्हणणाऱ्या काकांना माझा नमस्कार सांगा पण तसं वाटत नाही. गोव्यात जे अझुलेज म्हणतात ते सपाट पांढऱ्या टाइलवर हाताने रंगवलेलं काम, बहुतेक निळ्या रंगात, आणि एक चित्र पुष्कळ टाइल्सवर पसरलेलं असतं. पणजीत इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशद्वाराशी भिंतभर आहे, जाऊन बघा. तुमची उठावाची आहे, एका टाइलमध्ये चित्र संपलंय. अशा उठावाच्या फुलांच्या टाइल्स आमच्याकडे फोंड्याच्या बाजूला जुन्या हिंदू घरांच्या तुळशींवर मी भरपूर बघितल्यात. कुठल्या ते विचारलं तर घरचे सगळे एकच सांगतात, "मुंबईहून आणली".

चुनागच्ची:
जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, त्यामुळे अशा टाइल्स हाताखालून पुष्कळ गेल्यात. थोडं सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर खाली सरका.

याला मॅजोलिका टाइल म्हणतात. ओल्या मातीची लादी करत नाहीत, जवळजवळ कोरडी मातीची पूड लोखंडी साच्यात घालून प्रचंड दाबाने बसवतात, त्यामुळे सगळ्या टाइल्स एका मापाच्या निघतात आणि भाजताना वाकत नाहीत. ही युक्ती रिचर्ड प्रॉसर नावाच्या इंग्रज माणसाची, १८४० चं पेटंट, आणि त्याने ती काढली होती बटणं करायला! मिंटन या इंग्लिश चिनीमातीच्या कंपनीने ती टाइल्सना वापरली आणि तिथून पुढे सगळा धंदाच बदलला. साच्यात नक्षी उठावाची असते, रंगांच्या मधे बारीक कड ठेवलेली असते म्हणजे एक रंग दुसऱ्यात जात नाही. वरचा झिलईचा रंग पारदर्शक. खोलगट भागात तो साचून गडद दिसतो आणि उंच कडेवरून ओघळून फिका होतो. तुमच्या कमळाच्या पाकळ्यांवर हेच दिसतंय, कडा फिक्या आणि बुंध्याशी गर्द. हे छापून होत नाही, त्यामुळे तात्यांचं मोरबी बाद.

आता कुठली. पुढून बघून कोणीही सांगू शकत नाही, मी तर नाहीच. १९०० च्या आगेमागे इंग्लंडमध्ये जे डिझाइन चाललं ते बेल्जियमने केलं, जर्मनीने केलं, नंतर जपानने केलं, रंगसुद्धा तेच. खरं काय ते मागच्या बाजूला असतं. मसाला धरावा म्हणून तिथे आडव्या पट्ट्या नाहीतर चौकटी असतात आणि त्यांच्या मधे कंपनीचं नाव, देशाचं नाव, कधी नुसता आकडा साच्यातच उठवलेला असतो. सरकवायचंच आहे ना, मग निघाल्यावर पाठीचा फोटो टाका. आणि त्या गवंड्याला छिन्नी हातोडा बाजूला ठेवायला सांगा.

जुनं_ते_सोनं:
ताई विकायची आहे का? देवाची टाइल सिंगल पीस चांगला रेट देतो. फुलांच्या पण घेऊ. मुंबई पुणे कुठेही येऊन घेऊन जाऊ.

ओटीवरची:
नाही हो, तुळस आहे ती आमची.

कढीपत्ता:
मला एक शंका. घरोघरी जुन्या जमीनीला असतात त्या डिझाइनच्या लाद्या पण याच का? आमच्या गिरगावच्या चाळीत होत्या, खोलीत पाऊल ठेवलं की गार.

चुनागच्ची:
नाही, त्या सिमेंटच्या. त्यांना भाजत नाहीत, साच्यात रंगीत सिमेंट ओतून वरून दाब देतात आणि मग पाण्यात मुरवतात. मुंबईत सिधवा कुटुंबाने १९२२ साली भारत टाइल्स सुरू केली ती याच लाद्यांसाठी, स्वदेशीच्या काळात, कारण तोवर चांगल्या लाद्या बाहेरून यायच्या. आणि भाऊ दाजी लाड म्युझियममध्ये किंवा राजाबाई टॉवरच्या लायब्ररीत मिंटनची फरशी बघतो ती तिसरीच गोष्ट, भाजलेलीच पण चालायला केलेली, टणक, वर झिलई नाही. मॅजोलिका पायाखाली टाकत नाहीत, झिजून जाईल. ती भिंतीला, व्हरांड्याच्या कठड्याला, फायरप्लेसला, फर्निचरला. आणि आपल्याकडे तुळशीला.

नागोयाकर:
चुनागच्ची यांनी जपान म्हटलं म्हणून धाग्यात उडी मारतोय. कामानिमित्त इकडे नागोयाला असतो. इथून विमानतळाच्या वाटेवर तोकोनामे म्हणून कुंभारांचं गाव आहे, तिथे इनॅक्स या टाइल कंपनीचं म्युझियम आहे आणि त्यात जगभरच्या टाइल्सचा एक मोठा विभाग. काही वर्षांपूर्वी त्यांनी फक्त जपानी मॅजोलिकाचं प्रदर्शन भरवलं होतं. मी बायकोला घेऊन असाच टाइमपास म्हणून गेलो आणि समोर भिंतीवर आपले देव! कृष्ण, सरस्वती, लक्ष्मी. अक्षरशः दोन मिनिटं कळेना आपण कुठे उभे आहोत.

तिथे वाचलेलं आणि नंतर खोदून काढलेलं थोडक्यात सांगतो. जपानने इंग्लिश टाइल्स बघून बघून शिकायला सुरुवात केली, कोरड्या मातीच्या दाबाची पद्धत त्यांना १९०८ च्या सुमारास जमली. त्यात मोठी कंपनी दांतो. कोबे बंदराच्या समोर आवाजी नावाचं बेट आहे तिथली, सुरुवात १८८५ ची. नागोयाच्या आसपासही बरेच कारखाने होते. पहिल्या महायुद्धात युरोपचा माल यायचा बंद झाला आणि जपानने ते सगळं मार्केट उचललं. १९२० आणि ३० च्या दशकात ढिगाने टाइल्स बाहेर गेल्या, तैवान, सिंगापूर, मलाया आणि हिंदुस्थान. तैवानात चियायी गावात तर फक्त या टाइल्सचं म्युझियम आहे, पाडायला काढलेल्या घरांवरच्या वाचवून ठेवल्यात. तिकडे फळं आणि फुलं, आपल्याकडे फळाफुलांबरोबर खास हिंदू देव. दुसऱ्या कुणाला विकणार ते.

मुंबई-कोबे बोट तर १८९३ पासून होती, निप्पॉन युसेन कंपनीची. ती सुरू व्हायला जमशेटजी टाटांनीच मदत केलेली, कारण इंग्लिश बोटींचं भाडं परवडेना. इथून कापूस जायचा. येताना मोकळी थोडीच येणार, काडेपेट्या, बांगड्या, छत्र्या, कपबशा काय वाट्टेल ते भरून यायची. तुमचे पणजोबा गोदीत होते म्हणता ना? 🙂

खडूस_तात्या:
हे पटण्यासारखं आहे. आमचे आजोबा कुठलीही वस्तू दोन दिवसांत मोडली की "जपानी माल" म्हणायचे. पण टाइल ९० वर्षं उन्हापावसात टिकली म्हणजे त्यांचं ऐकायला नको होतं.

अनुजा_के:
मला या लक्ष्मीच्या चित्राबद्दल बोलायचंय. हे सरळसरळ राजा रविवर्मा आहे. कमळावर उभी लक्ष्मी, हत्ती, लाल साडी, हे त्यांचंच रूप. त्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि काही वर्षांत मळवलीला गेला, लोणावळ्याच्या जवळ. तिथून ही चित्रं देवघरादेवघरात गेली, मग काडेपेटीवर, कापडाच्या ताग्यावरच्या लेबलवर, सगळीकडे. छापखाना विकत घेणारा फ्रिट्झ श्लायशर जर्मन होता आणि त्याने या चित्रांचा जाहिरातींसाठी भरपूर वापर होऊ दिला. माझा आपला अंदाज, मुंबईच्या किंवा कोबेतल्या कुणा व्यापाऱ्याने असंच एखादं छापील चित्र नमुना म्हणून साचेवाल्याच्या हातात दिलं असणार. त्या साचेवाल्याने लक्ष्मी कधी पाहिलेली नाही, म्हणून बघा मागच्या दोन हातांतली कमळं कशी नुसती गोळ्यांसारखी झालीयेत आणि हत्ती पण जरा लाजल्यासारखा कोपऱ्यात.

कढीपत्ता:
हत्तीला जागाच दिलेली नाहीये सहा इंचात, तो तरी काय करेल.

मांडवीतीर:
म्हणजे केरळचा चित्रकार, मळवलीचा छापखाना, जपानी साचा आणि राजापूरची तुळस. काका अजून पोर्तुगीजच म्हणतायत का?

ओटीवरची:
काकांना अजून सांगितलेलं नाही. 😄

अपडेट आहे. वृंदावनावर दर वर्षी तुळशीच्या लग्नाआधी चुना मारतात, त्याचे एवढे थर आहेत की खालचं काही दिसतच नव्हतं. काल उजव्या बाजूचे पोपडे काढताना आकडे सापडले, चुन्यात उठवलेले, "शके १८५१". म्हणजे किती?

लफ्फेदार:
शकात ७८ मिळवा, १९२९. गुढीपाडव्याला शक बदलतो त्यामुळे जानेवारी ते पाडवा एवढ्या काळात असेल तर ७९ मिळवायचे, म्हणजे १९३०. पण कोकणात असली कामं पाऊस गेल्यावर तुळशीच्या लग्नाच्या आधी उरकतात, सबब १९२९ धरायला हरकत नाही.

नागोयाकर:
१९२९ म्हणजे जपानी टाइल्सचा ऐन बहर. माझे पैसे जपानवर.

खडूस_तात्या:
आकडा वृंदावनाचा झाला, टाइलचा नव्हे. टाइल आधीची असू शकते, नंतर कुणी खोचलेली असू शकते. जरा दमाने घ्या.

ओटीवरची:
काढली!! सगळं सांगते. आत्याचा आधी विरोध होता, तुळशीला हात लावायचा नाही म्हणून. मग गुरुजींना विचारून तुळस कुंडीत हलवली, दिवा तिकडे नेला, तेव्हा ती तयार झाली. गवंडी बदलला, दुसरे एक म्हातारे गवंडी आले, त्यांनी छिन्नी घेतलीच नाही. करवतीचं जुनं पातं घेऊन टाइलच्या मागचा चुना हळूहळू कापत बसले. चुना होता म्हणून बरं, सिमेंट असतं तर गेली असती असं म्हणाले. लक्ष्मी अख्खी निघाली. एका कोपऱ्याचा टवका उडालाय पण तो जुनाच आहे, आत मळ भरलेला.

पाठीवर चुन्याचा जाड थर आहे, थोडी अक्षरं दिसतायत पण वाचता येत नाहीत. ॲसिड मारू का बाथरूमचं?

चुनागच्ची:
नाही नाही नाही. ॲसिड अजिबात नको. चुना जाईलच पण या जुन्या झिलईत शिसं असतं, ॲसिडने ती मरते, टाइलच्या अंगात मुरलं तर पुढे वर्षभर फुगे येत राहतील. साध्या पाण्यात ठेवा, चुना मऊ पडला की बांबूच्या कामटीने नाहीतर जुन्या टूथब्रशने काढा, परत पाणी बदला. तुमच्याकडे खारी हवा, तिच्या अंगात मीठ असणारच, तेही थोडं सुटेल. नंतर सावलीत वाळवा, उन्हात नको. पुढच्या बाजूला जे जाळीसारखे बारीक तडे दिसतात ते वयाचे, त्यांना घासू नका. आणि हातांना मोजे घाला, जुन्या झिलईची पूड पोटात जायला नको.

ओटीवरची:
फोटो टाकलाय. पाठीला चौकटी चौकटी आहेत, खालच्या पट्टीत इंग्रजीत 'मेड इन जपान' स्वच्छ वाचता येतंय!!! मधे एकात एक गुंतलेली दोन अक्षरं आहेत, पहिलं डी, दुसरं के सारखं आहे पण त्याचा पाय नीट उठलेला नाही.

नागोयाकर:
डी आणि के म्हणजे दांतो कैशा! कैशा म्हणजे कंपनी. आवाजी बेट! मी इकडे ऑफिसात ओरडलो, शेजारचा जपानी सहकारी दचकला, त्याला सगळी स्टोरी सांगावी लागली आणि तो आता तुमच्या लक्ष्मीचा फोटो आईला पाठवतोय. त्याची आई आवाजीच्या जवळचीच निघाली.

अनुजा_के:
वा वा वा. अंगावर काटा आला.

खडूस_तात्या:
अभिनंदन. के नीट उठलेला नाही हे मात्र लक्षात ठेवा, "बहुतेक दांतो" म्हणा. जपान मात्र पक्कं.

चुनागच्ची:
तात्यांशी सहमत, बहुतेक दांतो. फुलांच्या टाइल्सची पाठ बघितली का? त्या वेगळ्या वाटतायत मला. पुढच्या कडा फार बारीक आणि धारदार आहेत, रंगही खोल आहे. आणि त्यांना काठाची पट्टी नाही, म्हणजे लक्ष्मीच्या सेटमधल्या नसाव्यात.

ओटीवरची:
चारपैकी एक सैल होती, ती काढली. पाठीला आडव्या पट्ट्या आहेत, चौकटी नाहीत. एका पट्टीत 'इंग्लंड' एवढंच, कंपनीचं नाव नाही. आणि त्याच्या खाली 'आरडी' असं काहीतरी आणि सहा आकडी नंबर, ३७८ पर्यंत वाचता येतोय, पुढचे तीन आकडे झिजलेत. म्हणजे आत्या पण बरोबर?? विलायती??

चुनागच्ची:
आता खरी मजा. तो नंबर म्हणजे ब्रिटनमध्ये डिझाइन रजिस्टर केल्याचा. १८८४ च्या जानेवारीत १ पासून सुरू झाले आणि सलग चढत गेले, त्यामुळे आकड्यावरून वर्ष काढता येतं. १९०१ सालची सुरुवात ३ लाख ६८ हजाराच्या घरात आणि १९०२ ची ३ लाख ८५ हजाराच्या, म्हणजे ३७८ ने सुरू होणारा सहा आकडी नंबर १९०१ चा. पण हे डिझाइन नोंदवल्याचं वर्ष झालं, टाइल त्याच साली भाजली असं नाही, चांगलं चाललेलं डिझाइन पुढेही काढत राहायचे. पूर्ण नंबर मिळाला तर लंडनला क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये त्या काळची रजिस्टरं आहेत, नोंदवणाऱ्याचं नावही मिळतं. उरलेल्या तीन टाइल्सवर तोच नंबर असणार, एखादीवर पूर्ण उठलेला असेल.

फुलं आणि वेलाची ती चाबकासारखी वळणं, ही आर्ट नूव्हो या तेव्हाच्या युरोपातल्या नक्षीच्या शैलीची खास खूण, १९०१ ला अगदी साजेशी. मग प्रश्न असा की १९२९ च्या तुळशीवर त्या आल्या कुठून. नवीन घेतलेल्या असत्या तर लक्ष्मीबरोबर जपानीच आल्या असत्या, त्या स्वस्त होत्या.

मांडवीतीर:
कुठलं तरी जुनं घर पाडताना काढलेल्या असतील.

लफ्फेदार:
घरात हिशेबाच्या वह्या आहेत का? गोदीतला कारकून म्हणजे पै पैचा हिशेब ठेवणारा माणूस. मोडीत असतील तर घाबरू नका, इथे फोटो टाका, मी वाचून देतो.

ओटीवरची:
आहेत! माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे, कसरीने बरंचसं खाल्लंय. बाबांनी त्या सालच्या वहीची पानं काढून दिली, हे घ्या तीन फोटो. आम्हाला कुणालाच मोडी येत नाही.

लफ्फेदार:
अक्षर झक्कास आहे, कारकुनी हात, लफ्फे जागच्या जागी. दुसऱ्या फोटोत आश्विन वद्यात नोंद आहे ती अशी:

"तुलसीस लाद्या चिनी, लक्ष्मीची नग १ व काठाच्या नग ८, मुंबईहून. आगबोटीचा नूर व जैतापूर बंदरी हमाली निराळी."

पुढे रक्कम होती पण तिथेच कसर लागलीय. खाली गवंड्याची मजुरी, चुना आणि गूळ. गूळ चुन्यात घालायला, खायला नव्हे. फुलांच्या लाद्यांचा मात्र मागेपुढे कुठेही उल्लेख नाही, तिन्ही पानं दोनदा बघितली.

नूर म्हणजे बोटीचं भाडं. पावसाळ्यात आगबोटी बंद असायच्या, नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू चालू होत. म्हणजे श्रावण-भाद्रपदानंतरच्या बोटीने माल जैतापूरला उतरला असणार आणि तिथून पडावाने खाडीतून वर.

अनुजा_के:
काठाच्या नग आठ, किती चोख आहे बघा. सहा इंची टाइलच्या चारी बाजूंना तीन इंची पट्टी चार आणि कोपऱ्याचे चौकोन चार. आठच लागतात.

चुनागच्ची:
लफ्फेदार, सलाम. म्हणजे लक्ष्मी १९२९ साली विकत घेतली हे लेखी झालं. फुलांच्या विकत घेतलेल्या नाहीत, म्हणजे घरातच होत्या. ओटीवरची, एक विचारते. घरात तोंड धुवायचं जुनं लाकडी टेबल आहे का, वर संगमरवर असलेलं? नळ नव्हते तेव्हा साहेब लोकांच्या बेडरूममध्ये असायचं, वर घागर आणि तसराळं ठेवायचे. त्याच्या पाठीला पाणी उडून भिंत खराब होऊ नये म्हणून सहा इंची टाइल्सची एक ओळ बसवलेली असे. साहेब बदली होऊन निघाला की सामानाचा लिलाव व्हायचा, आणि ते फर्निचर असं गावोगाव गेलंय. मी अशी टेबलं कोकणात पाहिलीयेत, कुणी त्यावर टीव्ही ठेवलाय, कुणी गणपती बसवतात.

ओटीवरची:
थांबा थांबा. खालच्या पडवीत एक टेबल आहे, त्यावर आम्ही पाण्याचे हंडे ठेवतो. वर पांढरा दगड आहे. पाठीला एक रिकामी लाकडी चौकट आहे आणि लहानपणी आम्हाला वाटायचं की तिथे आरसा असणार. आत्याला विचारते.

कढीपत्ता:
मी आज काम करत नाहीये, सगळ्यांनी नोंद घ्यावी.

ओटीवरची:
आत्याला तिथे टाइल्स होत्या हे आठवत नाही पण टेबलाला ती अजूनही "साहेबाचं मेज" म्हणते, आणि ते रत्नागिरीहून बैलगाडीने आलं असं तिच्या आजीने सांगितलेलं. चौकट मोजली. आतून साडेतीस इंच रुंद, सहा इंचाहून दोरीभर उंच. पाच टाइल्स बसतात. सैल निघालेली टाइल नेऊन लावून बघितली, खाचेत सरकली की हो अलगद! आणि चौकटीच्या तळाशी सुकलेल्या पिवळट मसाल्यावर आडव्या पट्ट्यांचे ठसे आहेत, पाठीवरच्या पट्ट्यांसारखेच. पाचव्या टाइलचं काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही, फुटली असेल मेजावरून काढताना आणि म्हणूनच वृंदावनावर सिमेंट.

चुनागच्ची:
ठसे जुळले म्हणजे विषय संपला! फक्त ते सिमेंट नंतरचं असेल, बाकी सगळं चुन्यात आहे. पाचवी तुळशीवर बसल्यावर फुटली असंही होऊ शकतं.

नागोयाकर:
म्हणजे आत्या फुलांपुरती बरोबर, बेल्जियम आणि पोर्तुगाल दोन्ही आउट. आता काकांना सांगाच.

ओटीवरची:
सांगितलं. काका म्हणाले, "जपानी म्हणजे पोर्तुगीजांनीच नेलेली असेल तिकडे, ते जपानला पण गेले होते."

मांडवीतीर:
😂 काकांना मानलं. गेले होते हे खरंय पण तीनशे वर्षं आधी.

जुनं_ते_सोनं:
मेज पण असेल तर सांगा. टाइलसकट सेट केला तर बाहेर डिमांड आहे.

चुनागच्ची:
"बाहेर"चा विचार करणाऱ्यांसाठी, १०० वर्षांपलीकडच्या वस्तूला १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात परदेशी पाठवायला बंदी आहे, उगाच ताईंना भरीला घालू नका.

ओटीवरची, परत बसवताना चुन्यातच बसवा, सिमेंटमध्ये नको. पुढे कुणाला कधी काढायची झाली तर सिमेंटमधून अख्खी निघणार नाही. आणि फुलांच्या मेजावर परत लावायच्या की तुळशीवर ठेवायच्या ते ठरवा घरात, दोन्हीकडे त्यांचा हक्क आहे.

ओटीवरची:
तुळशीवरच. आत्याचा निकाल आला, चर्चा बंद. पाचव्या जागी काय लावायचं त्यावर मात्र घरात जोरदार भांडण चालू आहे. बाबा म्हणतात तशीच नवीन करून घेऊ, माझं मत साधा चुन्याचा गिलावा, जुन्यात नवीन खोटं नको. मतं सांगा.

अनुजा_के:
गिलावा.

खडूस_तात्या:
गिलावा. नाहीतर अजून पन्नास वर्षांनी कोणी धागा काढेल, "पाचवी टाइल कुठली?"

लफ्फेदार:
गिलावा, आणि त्यात नवीन शक पण उठवा. बाकी वहीची उरलेली पानं पाठवत राहा, पहिल्या फोटोच्या समासात कुणा पाहुण्याला उसने दिलेल्या पैशांबद्दल फार मजेशीर मजकूर दिसतोय.

रेवदंडेकर:
उशिरा आलो, सगळा धागा एका बैठकीत वाचला. आमच्याकडेही देव्हाऱ्याच्या मागे मोराची उठावाची टाइल आहे, भिंतीत पक्की, काढता येणार नाही. एका बाजूचा गिलावा पडलाय तिथून पाठीची कड दिसते, पट्ट्या आडव्या आहेत. म्हणजे इंग्लिश का?

चुनागच्ची:
नुसत्या पट्ट्यांवरून नाही सांगता येणार, त्या बऱ्याच जणांनी वापरल्या. मोबाइल आत तिरका धरून टॉर्च लावून फोटो निघतो का बघा, एखादं अक्षर दिसलं तर बरं. आणि नवीन धागा काढा, इथे काकांची गर्दी आहे.